सहा माणसं आणि एक ट्रॅव्हल ट्रेलर : गाडी निवडीच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

आधी गरज लिहून काढली. मुक्काम डेन्व्हरला. घरात चौघं, जून ते ऑगस्ट पुण्याहून आजी-आजोबा येतात, तेव्हा सहा. सहाही जणांनी एकाच गाडीत बसून, मागे ट्रेलर जोडून, आय-७० महामार्गाने डोंगर ओलांडायचा आहे. गाडी एरवी शाळा, ऑफिस आणि किराणा सामानासाठी रोज वापरायची आहे.

मनात भरलेला ट्रेलर २६ फुटी, बंक बेडवाला. रिकामं वजन ४,६०० पौंड, कमाल भरलेलं वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर ६,००० पौंड. माहितीपत्रकात टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं नाक गाडीवर टाकतं ते वजन, ४८० लिहिलंय. तो आकडा बॅटरी, भरलेले गॅस सिलिंडर आणि पुढच्या कप्प्यातलं सामान धरण्याआधीचा असतो, त्यामुळे हिशेबात घ्यायचा नाही. भरलेल्या ट्रेलरचं टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १० च्या खाली गेलं की ट्रेलर डुलायला लागतो. १५ च्या वर गेलं की गाडीचं मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. हिशेबासाठी १३ टक्के धरले.

गाडीवर पडणारा बोजा, पौंडांत (किलोसाठी २.२ ने भागा):

माणसं : १७५ + १४० + ८५ + ६० + १५० + १३० = ७४०
गाडीतलं सामान, बूस्टर सीट, पाणी, खाणं : १५०
हिच (गाडीला ट्रेलर जोडणारा सांधा) आणि त्याच्या दांड्या : ९०
टंग वेट, ६,००० च्या १३ टक्के : ७८०
एकूण : १,७६०

हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरशी ताडून बघायचा. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. तोच त्या गाडीचा पेलोड. ड्रायव्हरसुद्धा त्यातच मोजायचा. टंग वेटही त्यातूनच वजा होतं, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. गाडी किती पौंड ओढते हे सगळे विचारतात, किती पौंड वाहते हे कोणी विचारत नाही. कुटुंबाच्या गाडीत पेलोड आधी संपतो आणि ओढायची ताकद उरलेली असते.

१४ जानेवारी

बाद केलेल्या गाड्या.

मिनीव्हॅन : सिएना आणि ओडिसी, ३,५०० पौंड. सहा माणसांना यांच्याइतकी सोयीची गाडी नाही, पण हा ट्रेलर त्यांच्या आवाक्यातला नाही.

मधल्या आकाराच्या तीन रांगांच्या गाड्या : पायलट (ऑल-व्हील ड्राइव्ह), पेट्रोलवरची हायलँडर, टेल्युराइड, पॅलिसेड. सगळ्यांचा आकडा ५,००० च्या आसपास. पाथफाइंडर योग्य पॅकेजसह ६,०००. ५,००० च्या गाडीवर टंग वेटची मर्यादा साधारण ५०० पौंड असते, म्हणजे १३ टक्क्यांनी ३,८५० पौंडांचाच भरलेला ट्रेलर चालेल. होंडाच्या मॅन्युअलमध्ये तर तक्ताच आहे : गाडीत माणसं वाढतील तशी ओढायची मर्यादा कमी होते. बाकीच्या कंपन्यांनी तक्ता दिला नाही म्हणून त्यांच्या गाड्यांना तो नियम चुकत नाही.

मॅन्युअलमधल्या आणखी दोन ओळी शोधायच्या. पहिली, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (दांड्यांनी टंग वेटचा काही भाग गाडीच्या पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांकडे ढकलणारा) वापरायला परवानगी आहे का. काही क्रॉसओव्हरना कंपनीच 'वापरू नका' म्हणते. दुसरी, ट्रेलरच्या समोरच्या पृष्ठभागाची मर्यादा. आठ फूट रुंद आणि जमिनीपासून साडेदहा फूट उंच ट्रेलर वाऱ्याला सत्तरएक चौरस फुटांची भिंत दाखवतो. बोटीचा ट्रेलर तेवढ्याच वजनाचा असला तरी वाऱ्यात इतका जड जात नाही. 'पाच हजार ओढते' हे वाक्य बोटीसाठी खरं आणि ट्रॅव्हल ट्रेलरसाठी खोटं ठरू शकतं.

पूर्ण आकाराची प्रवासी व्हॅन पेलोडवर खरा उतारा आहे. पण मधल्या उंचीची फोर्ड ट्रान्झिट सात फुटी गॅरेजच्या दारातून आत जात नाही, त्यामुळे तो विचार तिथेच सोडला. समोर तीन माणसांचं बाक असलेला पिकअपही पाहिला. पेलोड चांगला मिळतो, पण लांबच्या प्रवासात पुढच्या मधल्या जागेवर बसवायचं कोणाला?

१९ जानेवारी

कंपन्यांचे ओढण्याचे आकडे आता एसएई जे-२८०७ या मानकानुसार निघतात. चाचणीचा रस्ता ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, सुमारे साडेअकरा मैलांचा. हवा किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि वेग ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. मागे दुहेरी चाकं असतील तर ३५. मानक काटेकोर आहे, आकड्यांत बनवाबनवी नाही.

फक्त त्यात गाडीत दोनच माणसं धरलेली आहेत, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि थोडं हिचचं सामान. आपल्याकडे ७४० पौंडांची माणसं, म्हणजे तिथेच ४४० पौंडांचा फरक. जाहिरातीतल्या आकड्यातून तो सरळ वजा करायचा, आणि ही वजाबाकीसुद्धा पेलोडची अट पाळल्यावरची.

शिवाय चाचणी फार उंचावर होत नाही. कोलोरॅडोचा प्रश्न वेगळा आहे.

२५ जानेवारी

उंची आणि इंजिन. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. ३५५ अश्वशक्तीचं ५.३ लिटर व्ही-८ तिथे २४० च्या आसपास उरतं. गाडी चढते, पण ट्रकांच्या लेनमधून, आणि चार-पाच हजार आरपीएमवर ओरडत. टर्बो इंजिन हवा दाबून भरतं म्हणून त्याची ताकद फारशी घटत नाही.

उताराला मात्र चित्र उलटं. मोठं व्ही-८ गाडी चांगली धरून ठेवतं, ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६ त्या मानाने कमी. एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनाकरवी वेग रोखणारी सोय) असलेलं डिझेल या कामात सगळ्यांत सरस, पण तशी वापरलेली गाडी आमच्या बजेटमध्ये बसत नव्हती.

यादीत उरल्या : फोर्डची एक्सपिडिशन आणि लांबीची एक्सपिडिशन मॅक्स (३.५ टर्बो), शेवरोलेची सबर्बन, आणि टोयोटाची २०२३ पासूनची सेक्वोया. सेक्वोयाचं इंजिन या रस्त्याला उत्तम आहे, ४३७ अश्वशक्ती, टर्बोही आणि हायब्रिडही. पण बॅटरीमुळे तिसऱ्या रांगेमागची जमीन उचललेली आहे, मागे एकसंध एक्सल आहे आणि तिसरी रांग अवघडलेली. सहा माणसं रोज बसणार असतील तर तिसरी रांग हाही ओढण्याइतकाच मोठा निकष आहे. एक्सपिडिशनच्या तिसऱ्या रांगेत मोठं माणूससुद्धा पाय सोडून बसतं, म्हणून ती पुढे सरकली.

१ फेब्रुवारी

वापरलेल्या गाड्यांच्या लॉटवर फेरी. पद्धत एकच : दार उघडायचं, स्टिकरचा फोटो काढायचा, मग गाडी बघायची.

एकाच मॉडेलच्या दोन एक्सपिडिशन शेजारी उभ्या होत्या. साधी एक्सएलटी : १,६७२. वरच्या ट्रिमची, म्हणजे जास्त सोयींच्या आवृत्तीची : १,४६१. दोनशे पौंड काचेच्या छताने, २२ इंची चाकांनी, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्यांनी आणि जास्तीच्या मोटारींनी खाल्ले. म्हणजे चैनीच्या वस्तूंसाठी एका मोठ्या माणसाची जागा गेली. मॅक्सचं स्टिकर १,५४८. लांब गाडी स्वतःच जड असते. म्हणून इंटरनेटवरचा 'या मॉडेलचा पेलोड इतका' हा आकडा कामाचा नाही. तो सगळ्यांत हलक्या ट्रिमचा असतो.

डीलरने नंतर बसवलेल्या पायऱ्या, छतावरचं कॅरिअर, जाड रबरी मॅट यांचं वजन स्टिकरमध्ये धरलेलं असेलच असं नाही. जे दिसतंय ते अंदाजाने वजा करा.

टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठी कंपनीनेच बसवलेला संच) आहे की नाही, हे मागे रिसीव्हर, म्हणजे हिच अडकवायची चौकोनी नळी, दिसतो यावरून ठरत नाही. रिसीव्हर साध्या गाडीवरही असतो. एक्सपिडिशनचं हेवी-ड्युटी पॅकेज असेल तर मोठा रेडिएटर, ३.७३ गुणोत्तराचा एक्सल आणि डॅशबोर्डवर अंगचा ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारा) असतो. ते नसेल तर ओढायची मर्यादा ९,००० च्या वरून ६,००० च्या घरात येते. एका लॉटवर विक्रेत्याने 'टो पॅकेज आहे' असं ठामपणे सांगितलं आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा कंट्रोलरच नव्हता. चेसिस नंबरवरून मूळ विंडो स्टिकर मागवायचं आणि त्यावर पॅकेजचं नाव वाचायचं. सबर्बनसाठी ऑप्शन कोड एनएचटी शोधायचा. रेडिएटर आणि एक्सल नंतर बदलणं परवडत नाही.

रिसीव्हरच्या खाली आणखी एक लेबल असतं, त्यावर दोन जोड्या आकडे : नुसत्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर टेकतो तो हिचचा गोळा) किती, आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावून किती. दुसरी जोडी मोठी असते. ट्रेलर पहिल्या जोडीच्या पुढे जात असेल तर तो हिच घ्यावाच लागतो.

८ फेब्रुवारी

कोंडी अशी. २६ फुटी ट्रेलरला लांब व्हीलबेस, म्हणजे गाडीच्या पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, हवा. जुना ठोकताळा : २० फुटी ट्रेलरला ११० इंच, पुढे दर फुटाला ४ इंच. म्हणजे १३४ इंच. सबर्बन १३४.१, मॅक्स १३१.६, साधी एक्सपिडिशन १२२.५. लांबी बघावी तर मॅक्स. पेलोड बघावा तर साधी.

मॅक्सचा हिशेब : १,५४८ मधून माणसं ७४०, सामान १५०, हिच ९० वजा जाता टंग वेटसाठी ५६८. भागिले ०.१३ म्हणजे ४,३७० पौंडांचा भरलेला ट्रेलर. २६ फुटी ट्रेलर रिकामाच ४,६०० आहे.

साधी एक्सएलटी : गाडीतलं सामान १०० वर आणलं, हलका ८० पौंडांचा हिच धरला. १,६७२ − ७४० − १०० − ८० = ७५२. म्हणजे ५,७८५ पौंडांचा ट्रेलर. कागदावर मोठा ट्रेलरही जवळजवळ बसतो.

इथे थांबायचं नाही. मागच्या एक्सलची मर्यादा तपासायची. दारावरच्या दुसऱ्या लेबलवर ती जीएडब्ल्यूआर म्हणून असते. या गाडीवर ४,३०० पौंड. बॉल मागच्या एक्सलच्या साधारण ६१ इंच मागे येतो. तिथे टाकलेलं वजन तरफेसारखं काम करतं : ६१ भागिले १२२.५, म्हणजे जवळपास निम्मं. मागे १०० पौंड ठेवले की मागच्या एक्सलवर १५० येतात आणि पुढच्यावरून ५० उचलले जातात.

सहा माणसं बसल्यावर मागच्या एक्सलवर अंदाजे ३,४४० येतील. मोठ्या ट्रेलरचं टंग वेट आणि हिच मिळून ८३०. त्याचे १,२४५ होऊन मागे ४,६८५. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने तीनशेएक पौंड पुढे आणि ट्रेलरच्या चाकांकडे ढकलले तरी ४,३७०. मर्यादेच्या वर.

पेलोड पास, मागचा एक्सल नापास. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली माणसं आणि टंग वेट दोन्ही एकाच एक्सलवर येतात, म्हणून कुटुंबाच्या गाडीत हे हमखास होतं. नुसता पेलोड बघून जोडलेल्या कितीतरी गाड्या या एका आकड्यावर ओझं ओलांडून चाललेल्या असतात.

निर्णय : साधी एक्सपिडिशन एक्सएलटी, हेवी-ड्युटी पॅकेजसह. २६ फुटी ट्रेलर रद्द. आधी गाडी, मग ट्रेलर.

१६ फेब्रुवारी

ट्रेलरची नवी चौकट : व्हीलबेसच्या ठोकताळ्याने १२२.५ इंचांना एकूण लांबी २३ फुटांपर्यंत; भरलेलं वजन ४,९०० च्या आत; दोन एक्सल; बंक बेड. सापडलेला ट्रेलर २२ फूट ६ इंच, रिकामा ३,९४० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर ५,२००, पण भरायचा ४,९०० च्या आतच. ट्रेलरच्या लांबीचे आकडे वाचताना जपायचं : मॉडेलच्या नावातला आकडा बहुतेक वेळा आतल्या खोलीची लांबी सांगतो, एकूण लांबी काही फुटांनी जास्त असते.

'हाफ-टन गाडी सहज ओढेल' असं ट्रेलरवर चिकटवलेलं असतं. त्याकडे लक्ष देऊ नका. सहा माणसं कोणाच्या गाडीत बसणार हे चिकटवणाऱ्याला ठाऊक नसतं.

८ मार्च

जोडणी. टायरचं सांगायचं तर, ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) २०५/७५ आर१४, लोड रेंज सी, ५० पीएसआयला प्रत्येकी १,७६० पौंड. हवा थंड टायरवर, बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरायची; कमी हवेने बाजू तापते आणि टायर फुटतो. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. पाच-सहा वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी बदलायचे.

हिच बसवताना सपाट जमिनीवर, सगळं सामान भरून :

१. पुढच्या चाकाच्या कमानीची उंची, ट्रेलर न जोडता : ३६.२५ इंच.
२. ट्रेलर जोडून, दांड्या न लावता : ३६.८८ इंच.
३. दांड्या लावून लक्ष्य : दोन्हींच्या मध्ये, ३६.५६ इंच.

फोर्डचं मॅन्युअल अर्धी उंची परत आणायला सांगतं. पूर्ण परत आणायचा मोह होतो, पण जास्त ताणलं तर मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी सुटते. दुसऱ्या कंपन्यांचं प्रमाण वेगळं असतं, आपलं मॅन्युअल बघा. लक्ष्य गाठलं पण ट्रेलरचं नाक वर राहिलं, तर हिचचं बॉल धरणारं डोकं शँकवर (रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या दांड्यावर) एक भोक खाली घ्यायचं. ट्रेलर सपाट किंवा नाकाने किंचित खाली हवा.

ब्रेक कंट्रोलर : कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांनी नुसता ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचा. चाकं लॉक होईपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवायचा, मग लॉक होणार नाहीत इतका खाली आणायचा. वजन बदललं की पुन्हा. सुरक्षा साखळ्या कपलरखाली (ट्रेलरच्या नाकाच्या जोडाखाली) फुलीत अडकवायच्या. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची तार साखळीला अडकवायची नाही, गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची.

२२ मार्च

ट्रक स्टॉपवरच्या कॅट वजनकाट्यावर वजनं घेतली. आजी-आजोबांच्या जागी मागच्या सीटवर २८० पौंडांच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या, कारण जूनमध्ये कळून उपयोग नाही. काटा २० पौंडांच्या टप्प्यात आकडे देतो.

गाडी एकटी : पुढे ३,०८०, मागे ३,४४०. एकूण ६,५२०.
जोडून, दांड्या न लावता : पुढे २,७४०, मागे ४,४६०, ट्रेलर ४,१६०.
जोडून, दांड्या लावून : पुढे २,९२०, मागे ४,२००, ट्रेलर ४,२४०.

दांड्यांशिवाय मागचा एक्सल १६० पौंड वर, पुढचा ३४० ने हलका. इतका हलका की स्टिअरिंग हाताला रिकामं लागतं. दांड्या लावल्यावर पुढे १८० परत आले, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त; मागे १०० पौंड शिल्लक. गाडी एकूण ७,१२०, मर्यादा ७,३५०.

टंग वेट : दुसऱ्या वजनातले गाडीचे ७,२०० वजा पहिले ६,५२०, वजा रिसीव्हरमधल्या हिचचे ५५, म्हणजे ६२५. ट्रेलरच्या चाकांवरचे ४,१६० मिळवून पूर्ण ट्रेलर ४,७८५. प्रमाण १३ टक्के, अगदी धरल्याप्रमाणे. याच टंग वेटवर पाच हजारवाली क्रॉसओव्हर सव्वाशे पौंडांनी नापास झाली असती.

पाण्याची टाकी या वजनात रिकामी होती. ती ४० गॅलनची, भरली की ३३४ पौंड, आणि बसवलेली ट्रेलरच्या एक्सलच्या चार फूट मागे. भरली तर टंग वेट सुमारे ९० पौंडांनी उतरतं आणि प्रमाण साडेदहा टक्क्यांवर येतं, बरोबर डुलण्याच्या काठावर. म्हणून प्रवासात टाकी रिकामी, पाणी कॅम्पग्राउंडवर भरायचं. टाकी एक्सलच्या पुढे असलेल्या ट्रेलरला हे उलटं लागू होतं, तेव्हा टाकी कुठे आहे ते खाली वाकून बघून घ्या.

५ एप्रिल

आय-७०, बोगद्यापर्यंत चढ आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नचा उतार. रस्ता कोरडा, वारा मध्यम.

चढ : टो/हॉल मोडवर (ओढताना गिअर बदलण्याची खास व्यवस्था) ताशी ५० मैल आरामात, ट्रान्समिशनचं तापमान २१३ अंश फॅरनहाइटपर्यंत जाऊन स्थिर. मोठ्या रेडिएटरचे पैसे इथे वसूल होतात.

उतार सुमारे सात टक्के आणि आठएक मैल सलग. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला रेतीचे चढ बांधलेत ते उगाच नाहीत. घाटातल्या एसटी ड्रायव्हरांचा नियम इथेही तोच : ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. उतार सुरू होण्याआधीच वेग ४५ वर आणून गिअर हाताने चौथ्यावर धरला. इंजिन ३,००० आरपीएमच्या आसपास फिरतं, आवाज होतो, होऊ द्यावा. वेग ५० ला टेकला की ब्रेक ठामपणे दाबून ४० वर आणायचा आणि पूर्ण सोडायचा. पाय ब्रेकवर हलका टेकवून ठेवला तर पॅड तापून ब्रेक मऊ पडतात. खाली पोचल्यावर चारही हबजवळ हात नेऊन पाहिला : ट्रेलरचा उजवा मागचा बाकीच्यांपेक्षा थंड. त्या चाकाचा ब्रेक कमी लागतोय. ब्रेक शू समायोजित करायचा आणि वायरचा जोड तपासायचा.

इंधन : कोलोरॅडोत 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं. या टर्बो इंजिनाला किमान ८७ हवं, आणि ओढताना प्रीमियम. ८५ भरलं तर इंजिन ठोका टाळायला इग्निशन मागे घेतं आणि चढावर ताकद जाते, म्हणजे टर्बो घेतल्याचा फायदाच गेला. ट्रेलर जोडून ९ मैल प्रति गॅलन, टाकी २३ गॅलन. थांबा १५० मैलांवर आखायचा, आणि पंपाला दोन्ही बाजूंनी रस्ता आहे का ते नकाशावर आधी बघायचं.

उरलेली कामं : वर लिहिलेला ट्रेलरचा ब्रेक, लग नट (चाकांचे नट) पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा टॉर्क रेंचने, ट्रेलरच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार, आजींसाठी दुसऱ्या रांगेच्या दाराशी घडीची पायरी, चार पौंडांची, ती पेलोडमधून वजा, आणि जूनमध्ये वाळूच्या पिशव्यांऐवजी खऱ्या माणसांसह एकदा काट्यावर.